डिसेंबरातलं पुणं ही डेमो व्हर्जन आहे

मागच्या शनिवारी एका मित्राकडे पॉटलक होतं. न्यू जर्सीतलं नेहमीचं दृश्य. तळघरात पोरं, वर बायका, आणि फॅमिली रूममध्ये हातात कागदी थाळ्या घेऊन उभे असलेले आम्ही पन्नाशी ओलांडलेले बाप्ये. पूर्वी अशा वेळी ग्रीन कार्डाच्या प्रायॉरिटी डेटवर बोलणं व्हायचं, मग पोरांच्या एसएटीवर, मग कॉलेजच्या फीवर. आता विषय एकच.

"काय मग, कधी जाताय परत?"

मी म्हटलं, "जायचंय, पण परत नाही. नवीन देशात जातोय असं समजून जायचंय."

दोन सेकंद शांतता. मग एकजण म्हणाला, "अरे, कोथरूडात वाढलास तू. तुला कसला नवीन देश?" सगळे हसले, मीही हसलो. घरी येताना गाडीत बायको म्हणाली, "तू बोललास ते खरं होतं, पण नीट सांगितलं नाहीस." म्हणून हे लिहायला बसलोय. वीकेंड आहे, बाहेर अजून थंडी आहे, चहा झालाय.

तर मुद्दा असा की आमच्यासारखे लोक निवृत्तीनंतर भारतात जातात तेव्हा त्याला 'परत जाणं' म्हणतात, आणि सगळा घोटाळा तिथेच सुरू होतो. परत जायला तयारी कसली? आपल्याच घरी तर जायचं. बॅगा भरायच्या, घर विकायचं, विमानात बसायचं!

आता याच्या उलट उदाहरण सांगतो. माझ्या हापिसातला एक गोरा सहकारी निवृत्तीनंतर पोर्तुगालला जायचं म्हणत होता. त्याने काय केलं? दोन हिवाळे तिथे भाड्याने राहिला. भाषेचा क्लास लावला. दवाखाने बघून आला. नव्याने येणाऱ्यांसाठी तिथे एक करसवलतीची योजना होती, तिच्यावर त्याने सगळं गणित मांडलं होतं. काही तात्पुरते अपवाद सोडले तर २०२४ पासून ती योजना नव्या लोकांसाठी बंद झाली. गड्याने गणित परत मांडलं आणि जाणं एक वर्ष पुढे ढकललं. याला कोणी हसलं नाही. उलट सगळे म्हणाले, किती पद्धतशीर माणूस आहे.

तेच मी पुण्याच्या बाबतीत केलं की मी घाबरट. किंवा बायकोच्या मावशीच्या भाषेत 'अमेरिकेला चटावलेला'.

आजन्म व्हिसा हासुद्धा व्हिसाच

मी १९९८ साली इथे आलो. वायटूकेची लाट होती, कंपनीने उचललं आणि आणून टाकलं. २०१३ मध्ये आम्ही दोघांनी इथलं नागरिकत्व घेतलं. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही, त्यामुळे अशोकस्तंभाचा पासपोर्ट परत करून गरुडाचा घेतला आणि ओसीआय कार्ड काढलं. 'ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया'. नावात सिटिझन आहे, पण ते नागरिकत्व नव्हे. तो आजन्म चालणारा व्हिसा आहे. मत देता येत नाही. शेतजमीन किंवा फार्महाउस विकत घेता येत नाही (वारशाने आली तर ठेवता येते). बाकी येणं-जाणं, राहणं, फ्लॅट घेणं, बँकेत खातं उघडणं सगळं चालतं. पोलिसांत नोंद करावी लागत नाही. रोजच्या जगण्यात फरक जाणवत नाही, आणि म्हणूनच आपण विसरतो.

मला आठवण झाली ती २०२० मध्ये.

मार्च २०२० मध्ये कोविडमुळे ओसीआयवाल्यांचा व्हिसाशिवाय प्रवेश स्थगित झाला. त्याच महिन्यात आंतरराष्ट्रीय विमानंही थांबली. एप्रिलच्या शेवटी बाबांना पुण्यात पडल्याचं निमित्त झालं आणि तब्येत घसरत गेली. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात 'वंदे भारत'ची विमानं सुरू झाली, पण आधी भारतीय नागरिकांसाठी. बाबा १४ मे ला गेले. कुटुंबातल्या मृत्यूसारख्या अडचणीसाठी ओसीआयवाल्यांना सूट मिळाली ती २२ मे ला. सरसकट सगळ्यांना प्रवेश खुला झाला ऑक्टोबरमध्ये. बहिणीने एकटीने सगळं केलं. मी फोनवर बघितलं.

मी यात कोणाला दोष देत नाही. साथीच्या काळात प्रत्येक देशाने आधी आपल्या नागरिकांना आत घेतलं, अमेरिकेनेही तेच केलं. आणि भारतीय पासपोर्ट असता तरी त्या एका आठवड्यात मला जागा मिळाली असतीच असं नाही. पण त्या दिवसांत मला एक गोष्ट कळली, की कायद्याच्या दृष्टीने पुणं माझ्यासाठी परदेश आहे. तो निर्णय मीच घेतला होता, २०१३ मध्ये, एका शुक्रवारी, हाफ डे टाकून. सही करताना फारसा विचारही केला नव्हता.

तेव्हापासून मी 'परत जाणं' म्हणायचं सोडलं.

मायग्रेशन म्हणजे काय ते आपल्याला माहितीये

आपण सॉफ्टवेअरवाले. एखादी बँक जुन्या सिस्टीमवरून नव्यावर जाते तेव्हा आपण काय करतो? शुक्रवारी रात्री जुनी बंद आणि सोमवारी सकाळी नवी चालू, असं कोणी शहाणा माणूस करत नाही. आधी ड्राय रन. मग पॅरलल रन, म्हणजे दोन्ही सिस्टीम काही काळ एकत्र चालवायच्या. मग कटओव्हर. आणि हे सगळं सुरू करायच्या आधी रोलबॅक प्लॅन लिहायचा. फसलं तर मागे कसं यायचं, आणि कुठपर्यंत येता येईल.

हे आपण लोकांच्या डेटासाठी करतो. स्वतःच्या उरलेल्या पंचवीस-तीस वर्षांसाठी मात्र थेट प्रॉडक्शनमध्ये उडी!

म्हणून आम्ही २०२४ मध्ये ड्राय रन केला. मी तीन महिने बिनपगारी रजा घेतली. जून, जुलै, ऑगस्ट. मुद्दाम पावसाळा निवडला. कारण आमच्यासारखे सगळे लोक पुणं बघतात ते डिसेंबरात. हवा थंड, सवाई गंधर्वचे दिवस, घरोघर जेवणाची आमंत्रणं, प्रत्येकजण तुमच्यासाठी वेळ काढतोय. डिसेंबरातलं पुणं ही डेमो व्हर्जन आहे. डेमो बघून कोणी सिस्टीम विकत घेऊ नये.

बाबांचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. सोसायटीचं रिडेव्हलपमेंटचं घोंगडं भिजत पडलंय. म्हणून जवळच भाड्याने फर्निश्ड फ्लॅट घेतला. नातेवाइकांकडे राहायचं नाही हा नियम. पाहुणा म्हणून राहिलं की काहीच कळत नाही.

काय कळलं? पहिली गोष्ट, गॅसपासून वायफायपर्यंतच्या कटकटी आठवड्याभरात संपतात. त्याचा बाऊ करण्यात अर्थ नाही. मोबाईलवर भाजी येते, औषधं येतात, लॅबवाला घरी येऊन रक्त घेऊन जातो. या बाबतीत पुणं न्यू जर्सीच्या पुढे आहे.

दुसरी, फूटपाथ. बायकोचा पाय दुसऱ्याच आठवड्यात मुरगळला. साठीनंतर रोज चालणं हेच औषध असतं, आणि चालायला सपाट जागा नाही. त्या जुलैत एरंडवण्यात झिकाचे रुग्ण सापडले होते, त्यामुळे संध्याकाळी बागेत जायलाही नको वाटायचं. २५ जुलैला खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि सिंहगड रस्त्याला एकतानगरीत लोकांच्या घरांत पाणी शिरलं. आमच्यापासून चार-पाच किलोमीटरवर. पुण्यात घर घेताना आपण शाळा आणि मार्केट बघतो, नदीची पूररेषा बघत नाही. आता मी बघेन.

तिसरी गोष्ट जरा अवघड आहे. दुपारी तीन वाजता काय करायचं? मित्र आहेत, पण त्यांचं आयुष्य आपल्याशिवाय सव्वीस वर्षं पुढे गेलंय. आपल्याला वाटतं गेलं की रोज कट्टा भरेल. पहिल्या आठवड्यात भरला. चौथ्या आठवड्यात एकजण नातवाला आणायला गेला होता, दुसऱ्याच्या सोसायटीची मीटिंग होती, तिसरा अजून नोकरीत. रागावण्यासारखं काहीच नाही. नव्या गावात जशा नव्याने ओळखी कराव्या लागतात तशा इथेही कराव्या लागणार. मी सकाळी एका वाचनालयात जायला लागलो, तिथे दोन काका भेटले, त्यातल्या एकांशी अजून फोनवर बोलणं होतं. बायकोने गाण्याचा क्लास लावला. आमच्या खऱ्या नव्या आयुष्याची सुरुवात झाली ती तिथे.

दोन घड्याळं

आता थोडी आकडेमोड. ज्यांना कंटाळा येतो त्यांनी हा भाग चहा घेत वाचावा, पण वाचावा.

भारतात कायमचं राहायला गेल्यावर प्राप्तिकराच्या दृष्टीने तुम्ही लगेच पूर्ण रहिवासी होत नाही. मधे एक पायरी असते, 'रहिवासी पण सामान्यतः रहिवासी नाही'. इंग्रजी आद्याक्षरांनी आरएनओआर. मागच्या दहापैकी नऊ वर्षं तुम्ही अनिवासी असाल, किंवा मागच्या सात वर्षांत मिळून भारतात ७२९ किंवा त्याहून कमी दिवस राहिला असाल, तर हा दर्जा मिळतो. साधारण दोन वर्षं टिकतो, काहींना तीन. या काळात तुमच्या परदेशातल्या व्याज-डिव्हिडंडवर, शेअर विकून झालेल्या नफ्यावर भारत कर लावत नाही. त्यानंतर मात्र जगभरातलं सगळं उत्पन्न भारतात दाखवायचं. हे पहिलं घड्याळ.

दुसरं घड्याळ इथल्या घराचं. अमेरिकेत राहतं घर विकताना नवराबायकोला मिळून पाच लाख डॉलरपर्यंतच्या नफ्यावर कर लागत नाही. पण अट अशी, की विकण्याआधीच्या पाच वर्षांपैकी दोन वर्षं तुम्ही त्यात राहिलेले असायला हवं. म्हणजे घर भाड्याने देऊन भारतात गेलात तर तीन वर्षांची मुदत आहे. तीन वर्षांत विकलं तर सवलत, नंतर नाही.

दोन्ही घड्याळं एकत्र ठेवून बघा. घर जायच्या आधी विकलं तर रोलबॅक संपला, कारण दहा वर्षांनी त्याच गावात तसं घर परवडणार नाही. चार वर्षांनी विकलं तर इथेही कर आणि तिथेही हिशोब. मधली खिडकी साधारण दोन वर्षांची. निर्णय त्या खिडकीत व्हायला हवा. हे मला कोणी सांगितलं नव्हतं, दोन्हीकडचे नियम शेजारी शेजारी ठेवल्यावर दिसलं. इथला सीए इथलं सांगतो, तिथला तिथलं. जोडायचं काम आपलं.

अजून काही, झटपट.

अमेरिकन नागरिक जगात कुठेही राहिला तरी अमेरिकेत रिटर्न भरतो. भारतातल्या खात्यांत मिळून वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेलं की दरवर्षी वेगळी माहिती द्यायची. भाचा प्रेमाने म्हणतो, "मामा, एसआयपी चालू कर." करू नका. भारतातला म्युच्युअल फंड अमेरिकन करकायद्यात एका विशेष जाचक गटात बसतो आणि त्याचा फॉर्म बघूनच माणूस आजारी पडतो.

इथली ४०१के तशीच ठेवता येते. साडेएकोणसाठच्या आधी काढली तर साधारणपणे दहा टक्के दंड. २०२१ च्या भारतीय वित्त कायद्याने अमेरिका, ब्रिटन, कॅनडातल्या अशा खात्यांवर पैसे काढताना कर लावायची सोय दिली आहे, त्यासाठी वेळेवर एक फॉर्म भरायचा. अनिवासी असताना परदेशात कमावलेली मालमत्ता परत आल्यावरही ठेवायला भारताचा परकीय चलन कायदा परवानगी देतो. म्हणजे सगळे डॉलर पहिल्याच वर्षी रुपयात बदलायची काही गरज नाही.

रुपयाबद्दल सगळ्यांचं एकच मत, की तो घसरतच जाणार. मी आलो त्या सुमारास डॉलर साधारण ४३ रुपयांना होता, डिसेंबर २०२५ मध्ये ९० च्या पुढे गेला. पण ज्या पोरांना भेटायला दरवर्षी येणार त्यांच्याकडे जायचं तिकीट डॉलरच्याच भावाने महागतं. खर्च दोन्ही चलनांत होणार असेल तर पैसे दोन्हीत असलेले बरे. यापेक्षा जास्त अक्कल मला नाही.

मला घाबरवणारी एकच गोष्ट

ती म्हणजे तब्येत. मी आता सत्तावन्नचा आहे. बीपी आणि साखर दोन्ही वडिलोपार्जित.

मेडिकेअर पासष्टाव्या वर्षी मिळतं आणि अमेरिकेबाहेरच्या उपचारांना, एखाददुसरा अपवाद सोडला तर, पैसे देत नाही. म्हणून पुण्यात जाणारे बरेच लोक त्याचा पार्ट बी घेतच नाहीत. कशाला उगाच महिन्याला दोनशे डॉलर? (२०२६ मध्ये २०२.९० डॉलर आहे.) पण नंतर घ्यायचा म्हटलं तर उशिराच्या प्रत्येक पूर्ण वर्षासाठी हप्त्यावर दहा टक्के दंड लागतो, आणि तो पुढे जन्मभर. सत्तराव्या वर्षी परत यावं लागलं तर पन्नास टक्के जास्त. शिवाय नोंदणीसाठी ठरलेल्या महिन्यांची वाट बघायची. सत्तराव्या वर्षी माणूस परत का येतो? एक तर जोडीदार गेला म्हणून, नाहीतर मोठं आजारपण आलं म्हणून. नेमकं तेव्हाच विमा नसायचा! मी तो हप्ता पुण्यात राहूनही भरणार आहे. मेहुणा म्हणतो, पाण्यात पैसे. मी म्हणतो, रोलबॅकची फी.

भारतात उलट काळजी. तिथला आरोग्यविमा आधीपासूनच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबवू शकतो. २०२४ मध्ये ही कमाल मुदत चार वर्षांवरून तीनवर आली, आणि पासष्टीनंतर नवी पॉलिसी न देण्याची जुनी सबबही नियमातून गेली. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्यविम्यावर जीएसटीही नाही. चांगलं झालं. पण तीन वर्षं ती तीन वर्षंच. म्हणून पॉलिसी आधी, माणूस नंतर. आमची २०२४ च्या त्या ड्राय रनमध्येच घेतली. रोग लपवू नका, सगळं लिहून द्या. लपवलेलं नेमकं क्लेमच्या दिवशी सापडतं.

आणि मग बायकोने विचारलं

इथपर्यंतचा माझा प्लॅन एका स्प्रेडशीटमध्ये होता. छान रंगीत. २०२९ पर्यंत नोकरी, मग पॅरलल रन दोन वर्षं, मग निर्णय. फार अभिमानाने मी तो एका रविवारी बायकोला दाखवला.

तिने शांतपणे वरपासून खालपर्यंत बघितला. मग म्हणाली, "अरे, यात माझी आई कुठे आहे?"

माझ्या सासूबाई सांगलीला असतात. चौऱ्याऐंशी वर्षांच्या. ड्राय रनच्या तीन महिन्यांत बायको दर पंधरा दिवसांनी सांगलीला जायची. एसटीने, हट्टाने. तिथून आली की दोन दिवस वेगळीच असायची. मला ते दिसत होतं, पण शीटमध्ये त्याला कॉलम नव्हता.

"तुझे बाबा गेले तेव्हा तू काय म्हणाला होतास, आठवतंय?" ती म्हणाली. "म्हणाला होतास, आपल्याला वाटत होतं वेळ आहे."

यावर काय बोलणार? मी लॅपटॉप बंद केला.

एक्स प्लस वन नावाचा आजार आपल्या सगळ्यांना माहीत आहे. यंदा नको, पुढच्या वर्षी जाऊ. पुढच्या वर्षी परत तेच. इथले लोक वीस-पंचवीस वर्षं या आजारात काढतात. मला वाटायचं माझी सावधगिरी म्हणजे त्याच्या विरुद्ध काहीतरी आहे, कारण माझ्याकडे तारखा आहेत, अटी आहेत, फॉर्मांचे नंबर आहेत. बायकोने एका वाक्यात दाखवलं, की मी तोच आजार एक्सेलमध्ये नेऊन ठेवला होता. २०२९ ही माझ्या ४०१केची तारीख होती. तिच्या आईची नव्हती.

चूक सावध राहण्यात नव्हती. आम्ही दोघांनी एकदमच आणि एकाच दिवशी जायचं, हे मी धरून चाललो होतो. ते कोणी ठरवलं होतं? पॅरलल रनमध्ये सगळे मॉड्यूल एकत्र हलवायचे असतात थोडेच!

तर आता असं ठरलंय. ती दरवर्षी जानेवारी ते जून सांगलीला राहणार. मी नोकरी संपेपर्यंत इथे, मधे तीन आठवडे तिकडे. महिनेही उगाच निवडलेले नाहीत. भारतात एका आर्थिक वर्षात १८२ दिवस झाले की तुम्ही रहिवासी. (भारतातलं उत्पन्न पंधरा लाखांच्या वर असेल तर ही मर्यादा १२० दिवसांवर येऊ शकते. आमचं नाही.) ऑक्टोबर ते मार्च असं राहिलं तर मोजून बघा, बरोबर १८२ दिवस भरतात. एका दिवसाने घात. जानेवारी ते जून मात्र दोन आर्थिक वर्षांत विभागलं जातं. एप्रिल ते जून ९१ दिवस, पुढच्या जानेवारी ते मार्च ९० दिवस. एकूण १८१. लीप वर्षात फेब्रुवारी एक दिवसाने वाढतो, म्हणून २०२८ मध्ये तिने थोडं उशिरा जायचं. हे मी तिला समजावून सांगत होतो तेव्हा तिने हात जोडले आणि म्हणाली, "तिकीट काढ फक्त."

अर्थात याची किंमत आहे. तिचे हे दिवस त्या ७२९ च्या हिशोबात मोजले जाणार, म्हणजे पुढे तिला आरएनओआरचं तिसरं वर्ष बहुधा मिळणार नाही. थोडा कर जास्त जाईल. जाऊ दे. सहा महिने मी एकटा स्वयंपाक करणार. तेही जाऊ दे. (पोळ्या अजून जमत नाहीत. भात जमतो.)

तिशीतल्या मित्रांसाठी

हे वाचणारे बरेचजण तिशीतले असतील, काही पुण्या-मुंबईत, काही इथे बे एरियात. तुम्हाला वाटेल निवृत्तीचं आत्तापासून काय. पण आमच्या बहुतेक गाठी आम्ही तिशी-चाळिशीतच मारल्या, आणि न बघता मारल्या. म्हणून चार गोष्टी सांगतो, पटल्या तर घ्या.

नागरिकत्वाची सही हाफ डे टाकून करू नका. करा, त्यात वाईट काही नाही, पण कोणत्या देशात तुम्ही पाहुणे होणार आहात ते कळून करा.

अमेरिकेत असाल तर सोशल सिक्युरिटीचे चाळीस क्रेडिट, म्हणजे साधारण दहा वर्षांचं काम, पूर्ण होतंय का बघा. भारत आणि अमेरिकेत तो काळ एकमेकांत जोडून घेण्याचा करार अजून नाही. साडेनऊ वर्षांनी परत गेलेले लोक मला माहीत आहेत.

ज्या गावात म्हातारपण काढायचं तिथे एक पावसाळा किंवा एक मे महिना भाड्याने राहा. सुट्टीत नाही. रोजच्या कामांसकट.

आणि प्लॅन करताना पैशांच्या तारखा लिहिता तशा माणसांच्याही लिहा. आईचं वय, वडिलांचं वय, पोरांचं शेवटचं कॉलेजचं वर्ष. मी ते केलं नव्हतं. पैशांच्या बहुतेक गोष्टींना काहीतरी रोलबॅक असतो, दंड भरून का होईना. या दुसऱ्या तारखांना नसतो, हे मला १४ मे ला एकदा कळलं होतं आणि तरी मी विसरलो.

असो. बायकोचं तिकीट २ जानेवारीचं काढलंय. जाण्या-येण्याचं. सासूबाईंना फोन केला तर पहिला प्रश्न, "जावईबापू येणार नाहीत का?" म्हटलं, येतो ना, फेब्रुवारीत तीन आठवडे. म्हणाल्या, "तीनच?"

त्यांना १८२ दिवसांचं काय सांगणार!